मीठघरातले प्रेक्षक

सोमवार, ६ ऑक्टोबर

आले एकदाची! तीन तासांचा बसप्रवास. शेजारचे आजोबा सबंध वेळ आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते, पण मी इतकी खुशीत होते की मला त्यांच्या गुडघ्याचंसुद्धा कौतुक वाटलं. उतरताना त्यांनी विचारलं, इथे नातेवाईक आहेत का? मी म्हटलं, नाही हो, नोकरी आहे, नाटकमंडळीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, नटी दिसत नाही तुम्ही. खरंच आहे ते. अठ्ठावन्न वर्षांची, जाड चष्म्याची बाई मी, नटी कुठली दिसणार!

खोली बेकरीच्या वर आहे. सकाळी चारपासून पावाचा वास येतो, असं घरमालकीण बाईंनी तक्रारीच्या सुरात सांगितलं. मला तर ते आमिषच वाटलं. खिडकीतून खाडी दिसते आणि मंडळीचं नाट्यगृह दिसतं, म्हणजे जुनं मीठघर. पूर्वी हेरिंग मासे खारवायला तिथे मीठ साठवायचे. भिंतींना अजून पांढरे डाग आहेत म्हणे.

माझा नवरा हेनिंग जाऊन दोन वर्षं झाली. कोपनहेगनच्या घरात रविवार रविवार कोणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. एकतीस वर्षं मी अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केली. हजारो घरांत माझा आवाज आहे आणि मला ओळखणारं माणूस एकही नाही. मग ते काम यंत्राच्या आवाजाकडे गेलं. यंत्राला शिंका येत नाहीत आणि निवृत्तीवेतनही लागत नाही. आता इथे माणसांत राहायचं, असं मी ठरवून टाकलंय. एवढं एक जमलं की बाकी काही नको.

बुधवार, ८ ऑक्टोबर

मंडळी पाच जणांची, माझ्यासकट सहा. दिग्दर्शक एब्बे हा उंच, वाकलेला गृहस्थ आहे. प्रत्येक वाक्याच्या आधी घसा खाकरतो, मग वाक्य विसरतो. व्हिलाड्स हा चाळिशीचा नट, थट्टेखोर, सुतारकामही तोच करतो. दोघी बहिणी आहेत, त्या लहान भूमिका आणि कपडेपट बघतात. आणि थिरा. चौऱ्याहत्तर वर्षांची, उजव्या कानाने बहिरी, पण मंचावर उभी राहिली की बाकीचे लाकडाचे वाटतात.

मी इथली प्रॉम्प्टर, नट अडला की खालून वाक्य सांगणारी. माझी जागा मंचाच्या ऐन मध्यात, पुढच्या काठाला केलेल्या खड्ड्यात आहे. वर लाकडी टप आहे, त्यामुळे प्रेक्षकांना मी दिसत नाही. मला नट दिसतात आणि प्रेक्षागृह माझ्या पाठीमागे राहतं. पाठच्या फळीला हवेसाठी हातभर लांबीची फट ठेवली आहे. हे लोक त्या जागेला ‘बीळ’ म्हणतात. व्हिलाड्सने मला हात देऊन खाली उतरवलं आणि जाहीर केलं की बिळात नवीन घूस आली, आता चीज जपून ठेवा. सगळे हसले. मीही पोट धरून हसले. घूस तर घूस, कोणाची तरी आहे ना!

प्रेक्षागृहात चौऱ्याऐंशी खुर्च्या आहेत, बंद पडलेल्या सिनेमागृहातून आणलेल्या. माणूस उठला की बैठक खटकन् वर जाते, त्या जातीच्या. माझ्या आधीची बाई नॉर्वेला मुलीकडे गेली. तिची संहिता आता माझ्याकडे आली आहे, सगळीकडे पेन्सिलीच्या खुणा आहेत.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

काम जमतंय. जुन्या ग्रीक शोकांतिकेवरून एब्बेने बेतलेलं नाटक आहे, नाव ‘उघडं दार’. बंदरातली एक आई लढाईवर गेलेल्या मुलांची वाट बघत घराचं दार उघडं ठेवते. मुलं बुडालेली आहेत. शेवटी ती येतात, आणि कशी येतात ते मी इथे लिहीत नाही, मला अजून काटा येतो. शेवटचं वाक्य थिराचं आहे: दार लावा, सगळे आले.

या कामात एकच गोष्ट कठीण आहे. नट अडलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखायचं. अडला तर वाक्य द्यायचं आणि थांबला असेल तर तोंड मिटून बसायचं. एब्बे म्हणतो, नटाच्या मानेकडे बघ, मान ताठ झाली की तो अडला. बघते आहे. माझी खोड अशी की एकतीस वर्षांत मी वाक्य कधी अर्धवट सोडलेलं नाही. ठसका लागला तरी वाक्य संपवून मग खोकायचं, हा माझा नियम.

आज कॉफीच्या वेळी थिराने मला आपल्या डाव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाकडे बसवून घेतलं. अगं, तिकडे बसलीस तर मला नुसतं तुझं डोकं हलताना दिसेल, म्हणाली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काय करून बसले मी?

आज पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत तालीम होती. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. शेवटचा प्रवेश आला. थिरा दाराशी आली, तोंड उघडलं आणि थांबली. मी वाट बघितली. पाच मोजले, दहा मोजले. तिची मान ताठ होती आणि नजर सरळ समोर होती. मला वाटलं, अडली बिचारी. मी हळूच वाक्य दिलं, तिला ऐकू गेलं नाही. मग मी भर आवाजात, एकतीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात, स्पष्ट म्हटलं: दार लावा, सगळे आले.

कोणी हललं नाही. धाकट्या बहिणीने तोंडावर हात घेतला. एब्बेने घसा खाकरला. थिराचा चेहरा खडूसारखा झाला होता.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागे, पार शेवटच्या रांगेत, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एकाच माणसाच्या टाळ्या होत्या, सावकाश. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी बिळातून डोकं वर काढून बघितलं. प्रेक्षागृहात चिटपाखरू नव्हतं.

टाळ्या कोणी वाजवल्या, असं मी विचारलं. व्हिलाड्स म्हणाला, कसल्या टाळ्या?

गुरुवार, १६ ऑक्टोबर

कोणी रागावलं नाही. रागावले असते तर परवडलं असतं. सगळे अदबीने वागतात, कॉफीचा कप हातात आणून देतात आणि मग तिकडच्या टेबलावर जाऊन बसतात. व्हिलाड्सने दोन दिवसांत मला एकदाही घूस म्हटलेलं नाही.

शेवटी मी थिराच्या खोलीत जाऊन तिला चक्क विचारलं. ती मेकअप पुसत होती. म्हणाली की ही मंडळीची रीत आहे, तिच्या आजेसासऱ्यांपासूनची. पहिला प्रयोग होईपर्यंत नाटकातलं शेवटचं वाक्य कोणी उच्चारायचं नाही. तालमीत त्या जागी थांबायचं, मनात वीस मोजायचे आणि घरी जायचं. ऐकणारं कोणी नसताना नाटक संपवलं, तर ते आपले प्रेक्षक आपणच गोळा करून आणतं. हे सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलंय की तुला सांगायला हवं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. चूक आमचीच गं, असंही म्हणाली. पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी विचारलं, आणि मग? जो ते वाक्य म्हणतो त्याचं काय होतं?

तिने मेकअपचा बोळा खाली ठेवला. मग म्हणाली की त्या प्रेक्षकांना ते वाक्य आवडतं, ज्याने म्हटलं त्याच्याकडे ते पुन्हा मागतात. पण घाबरू नकोस, पहिल्या प्रयोगाला जिवंत माणसांसमोर मी ते म्हटलं की सगळं मिटतं. दोन नोव्हेंबर, रविवार, दुपारी तीनचा प्रयोग. तोवर बिळात बसलीस की मागे वळून बघू नकोस.

अठ्ठावन्नाव्या वर्षी असल्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवतं? मी हसले. ती हसली नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

तालमीच्या आधी मीठघरात मी एकटीच होते. प्रेक्षागृहाचे दिवे लावले. सगळ्या बैठका वर होत्या. शेवटच्या रांगेत, भिंतीकडून चौथी खुर्ची मात्र खाली होती.

जवळ गेले आणि हात लावला. उचलून सोडली तर वर जाईना, वजन ठेवल्यासारखी खालीच राहिली. बैठक गार होती आणि थोडी ओली. बोट जिभेला लावून बघितलं, खारट लागलं. जुन्या मिठाचं पाणी भिंतीतून झिरपलं असेल. असंच असणार.

बुधवार, २२ ऑक्टोबर

आज सात होत्या. शेवटच्या रांगेत तीन, तिच्या पुढच्या रांगेत चार.

व्हिलाड्सला दाखवल्या. त्याने तेलाचा डबा आणला, एकेक बैठक उचलून सोडली. त्याच्या हाताने सगळ्या नीट खटाखट वर गेल्या. जुनी माणसं आणि जुन्या स्प्रिंगा, दोन्ही कुरकुरायचीच, असं म्हणाला. माझ्याशी बोलत होता पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे होती. कदाचित मलाच तसं वाटलं असेल.

मी बिळात उतरून बसले. तालीम सुरू झाल्यावर मागे आवाज आला, खट. थोड्या वेळाने खट. मग आणखी एक. बैठका खाली पडत होत्या, एकेक करून, प्रेक्षक येऊन बसतात तशा. मी मागे बघितलं नाही. पानावरच्या ओळींवर बोट ठेवून वाचत राहिले. 

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

कॉफीचे पाच कप मांडले होते. मी म्हटलं, एक कमी आहे. थोरली बहीण म्हणाली, अय्या, खरंच की! उठली, कपाटाशी गेली आणि तिथे उभ्या उभ्या विसरली. परत येऊन बसली आणि विणकाम हातात घेतलं. मी स्वतःच कप आणला. थिराच्या डाव्या बाजूला तिची पिशवी ठेवलेली होती.

कार्यक्रमपत्रिका छापून आली. पाच नावं आहेत. एब्बेला विचारलं, तर कपाळावर हात मारून म्हणाला, माफ कर गं, अगदी डोक्यातूनच गेलं, पुढच्या छपाईत घालू. मी म्हटलं, माझं नाव सांग बरं. थट्टेत म्हटलं होतं मी.

त्याने घसा खाकरला. आणि बघतच राहिला.

मी खोलीवर येऊन रडले. त्या खुर्च्यांचं इतकं वाईट वाटलं नव्हतं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

आता अर्ध्या प्रेक्षागृहाच्या बैठका खाली आहेत. मी मोजत नाही, आवाजावरून कळतं. वास येतो, समुद्राकाठी साचलेल्या शेवाळाचा. आणि सगळे मिळून श्वास घेतात. प्रेक्षागृह भरलं की जी एक ऊब मानेवर येते, तशी काही येत नाही. गारवा येतो.

दुसऱ्या अंकात थिरा अडली. अगदी खरोखर अडली, मान ताठ. मी वाक्य दिलं. तिने ऐकलं नाही. डाव्या कानाच्या रोखाने दिलं, मोठ्याने दिलं. ती नुसती चाचपडत राहिली. शेवटी व्हिलाड्सने विंगमधून सांगितलं.

पण मागे ऐकू गेलं. मी वाक्य दिल्याबरोबर फटीतून समाधानाचा एक हुंकार आला. छान गोष्ट सांगितल्यावर मुलं करतात तसा.

एकतीस वर्षांत माझं वाचन ऐकून कोणी हुंकार दिलेला मी ऐकला नव्हता. हे लिहायची लाज वाटते, पण क्षणभर मला बरं वाटलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

एब्बे माझ्यासमोर उभा राहून थिराला सांगत होता की यंदा प्रॉम्प्टरशिवायच निभावून न्यावं लागेल. आधीची बाई नॉर्वेला गेल्यापासून कोणी मिळालंच नाही, जाहिरात दिली होती, पण एवढ्या लांब कोण येणार? मी म्हटलं, एब्बे, मी आहे. बाही ओढली त्याची. त्याने कीटक झटकावा तसा हात झटकला.

थिरा एकटी थोडा वेळ बिळाकडे बघत राहिली. कपाळाला आठ्या घालून, काहीतरी आठवत असल्यासारखी. मी हाका मारल्या, थिरा, थिरा, अगं मी! तिने डावा कान पुढे केला. मग मान हलवून निघून गेली.

रविवारी ती वाक्य म्हणेल. मग मिटेल सगळं. तिनेच सांगितलंय. तीनच दिवस.

शनिवार, १ नोव्हेंबर

जायला निघाले होते. पळूनच. बॅग घेऊन थांब्यावर उभी राहिले, हात दाखवला. बस थांबली नाही. दुसरीही नाही. तिसरी थांबली, एक बाई उतरली, माझ्या बॅगेला अडखळली, मागे वळून रस्त्याकडे बघितलं, आणि गेली—

परत आले तर दारावर पाटी. खोली भाड्याने देणे आहे. मालकीण बाई माझी गादी उन्हात टाकत होत्या.

कोपनहेगनला तरी कोण आहे? तिथेही हेच होतं. फक्त सावकाश चाललं होतं.

उद्या. उद्या तीन वाजता.

रविवार, २ नोव्हेंबर

बिळातून लिहिते आहे. मांडीवर संहिता, तिच्यावर ही वही. दिवा आहे.

माणसं आली. जिवंत माणसं! ओले कोट, खोकला, पेपरमिंटचा वास. हसतायत. देवा, किती बरं वाटतं. बैठका आधीच खाली होत्या, पण कोणाला काही वाटलं नाही. तशीच बसली सगळी. त्यांच्या मांडीवरच बसली.

पहिला अंक छान झाला.

दुसरा झाला. थिरा आज विजेसारखी आहे. एक बाई रडते आहे मागे. आणखी थोडंच. एकदा ते वाक्य तिने म्हटलं की मी वर चढेन, सगळे माझ्याकडे बघतील, व्हिलाड्स घूस म्हणेल—

शेवटचा प्रवेश. ती दाराशी आली.

थांबली.

पाच. दहा. मुद्दाम नाही थांबलेली. मान. तिची मान ताठ आहे. हे वाक्य तिने कधी तोंडाने म्हटलेलंच नाही, आणि आता येत नाहीये. विंगमध्ये व्हिलाड्स पानं उलटतोय. त्याला सापडत नाही. शेवटचं पान असलेली संहिता माझ्याकडेच आहे—

दिलं मी. ऐकलं नाही. पुन्हा दिलं. थिरा, डावा कान कर, थिरा, मी आहे, मी—

ओरडले. सगळा जीव एकवटून, अक्षर न् अक्षर स्पष्ट.

मागे टाळ्या. केवढ्या टाळ्या! समोर थिरा अजून तशीच, तोंड उघडं, जिवंत माणसं कुजबुजतायत, कोणीतरी हसलं, पडदा ओढतायत तिच्यावर. न म्हणताच. न संपवताच. आणि टाळ्या थांबत नाहीत. माझ्यासाठी आहेत. उभे राहिलेत. बैठका वर जातायत, खट खट खट, सगळ्या—

फटीशी येऊन बसलंय कोणीतरी. ओली बोटं आत—

माझं नाव घेतलं. बोदिल, म्हणाले. किती दिवसांनी! नीट, पूर्ण, मायेने. पुन्हा म्हणतायत. सगळे म्हणतायत. वळू नकोस म्हणाली होती, पण तिला माझं नावसुद्धा

आले, आले, वळते, एवढं लिहून